नोव्हेंबरची हवा आणि ‘मेघदूत’: वऱ्हाडाच्या सपाटीवर ॲप कितपत कामाचं?

पाऊस परतला की बरेच शेतकरी ‘मेघदूत’ हे हवामानाचं ॲप उघडणं सोडून देतात. पण पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाण्याच्या घाटाखालच्या पट्ट्यात, या ॲपची खरी किंमत दिवाळीनंतरच कळते. खरिपात सगळे पावसाचा आकडा बघतात आणि नेमका तोच सर्वांत बेभरवशाचा असतो. नोव्हेंबरात किमान तापमान, ढग, आर्द्रता आणि वारा हे रकाने कामाला येतात, आणि ते पावसापेक्षा पुष्कळ खरे उतरतात.

हवामान विभाग, पुण्याची आयआयटीएम (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) आणि भारतीय कृषी संशोधन परिषद यांनी २०१९ मध्ये हे ॲप आणलं. ते फुकट आहे, मराठीत आहे. जिल्हा निवडला की पुढच्या ५ दिवसांचा अंदाज दिसतो आणि दर मंगळवारी व शुक्रवारी पीकनिहाय सल्ला येतो.

आधी वाऱ्याची दिशा बघा. हवामान-सल्ल्याच्या पत्रिकेत ती अंशांत दिलेली असते: ० किंवा ३६० म्हणजे उत्तर, ९० म्हणजे पूर्व, १८० म्हणजे दक्षिण. आकडा ३० ते ६० च्या आसपास असेल, म्हणजे वारा ईशान्येचा असेल, तर हवा कोरडी आणि रात्री निरभ्र. तोच ९० ते १३५ कडे सरकला की बंगालच्या उपसागरावरचा ओलावा आत येतोय असं समजा. मग ढगांचा आकडा (० ते ८, आकाशाचे ८ भाग धरून) ५-६ वर जातो आणि किमान तापमान चढतं, कारण ढग रात्री जमिनीची उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. पावसाच्या रकान्यात शून्य असलं तरी हे तीन आकडे एकत्र हलले की सावध व्हावं.

तुरीला हे सर्वांत लवकर भोवतं. फुलोरा आणि शेंगा धरायच्या वेळी ढगाळ हवा टिकली की शेंगा पोखरणारी घाटेअळी वाढते आणि फुलगळही होते. सल्ल्यात ‘ढगाळ हवामानामुळे प्रादुर्भावाची शक्यता’ असं वाक्य आलं म्हणून लगेच पंप पाठीवर घेऊ नका. हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सापळ्यात सलग २-३ दिवस ८-१० पतंग आले, किंवा झाडामागे १-२ अळ्या दिसल्या, तरच फवारणी. फुलोऱ्याच्या सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. दव वाळल्यावर आणि वारा ताशी १० किमीच्या आत असतानाच फवारा, नाहीतर औषध निथळतं किंवा उडून जातं.

कपाशीसाठी सकाळची आर्द्रता आणि वारा एकत्र वाचा. आर्द्रता जास्त, आकाश मोकळं, वारा पडलेला म्हणजे दव पक्कं. दव असताना वेचलेला कापूस ओला भरतो, आणि हमीभावाच्या खरेदीत ८ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की भाव कापला जातो, १२ च्या वर माल घेतच नाहीत. त्या दिवशी वेचणी दोन तास उशिरा लावणं परवडतं. बागायती गव्हाची वेळेवरची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली. पाचही दिवस कमाल-किमानाची सरासरी २२ च्या आसपास किंवा खाली दिसली की बिनधास्त पेरा.

आता उणिवा. अंदाज जिल्ह्याचा असतो, पण अमरावती जिल्ह्यात दर्यापूरही येतं आणि सुमारे ११०० मीटर उंचीवरचं चिखलदराही. बुलडाणा शहर घाटावर, शेगाव-नांदुरा खाली. एकच आकडा दोघांना लागू कसा पडेल? तालुक्याचा अंदाज मिळत असेल तर तोच बघा आणि दारच्या थर्मामीटरशी आठवडाभर ताडून आपला फरक काढून ठेवा. दुसरं, सल्ला आठवड्यातून दोनदाच येतो. शनिवारी उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला तर मंगळवारपर्यंत पीकसल्ल्यात त्याचा मागमूस नसतो. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर राज्यात अनेक ठिकाणी अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. तसल्या वेळी हवामान विभागाच्या नागपूर प्रादेशिक केंद्राचे रोजचे रंगीत इशारे बघावेत. इशाऱ्यातला दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी ८.३० असा धरतात, त्यामुळे बुधवारच्या इशाऱ्यात गुरुवारची पहाटही येते. कापलेला धान कडपा म्हणून पसरणाऱ्या भंडारा-गोंदियाकडच्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. विजांच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ हे ॲप वेगळं घ्यावं लागतं.

महिन्याच्या अंदाजात ‘सरासरीपेक्षा जास्त पाऊस’ वाचून हरभऱ्याची पेरणी पुढे ढकलू नका. विदर्भात नोव्हेंबरची सरासरीच इतकी तुटपुंजी आहे की एका दमदार सरीने ती ओलांडली जाते. त्यापेक्षा हवामान विभागाचा दर गुरुवारचा विस्तारित (पुढच्या काही आठवड्यांचा) अंदाज उपयोगी, तोही पहिल्या दोन आठवड्यांपुरता. थंडीच्या लाटेचा इशारा आला तर निकष लक्षात असू द्या: सपाटीवर किमान १० अंश किंवा खाली आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी तरी कमी. हा पारा जमिनीपासून सव्वा मीटरवरचा असतो. निरभ्र, शांत रात्री पिकाच्या शेंड्याशी त्याहून काही अंश कमी असतं, म्हणून अंदाज ११ अंशांचा असला तरी भाजीपाल्याच्या रोपवाटिकेला संध्याकाळी हलकं पाणी देऊन ठेवावं.