दहा मायक्रोग्रॅमची कुपी : पुनर्संयोजित मानवी टीजीएफ-बीटा-१

आमच्या प्रयोगशाळेत फुप्फुसांच्या फायब्रोसिसवर (ऊतींमध्ये व्रणासारखे तंतू साचण्याच्या विकारावर) काम चालते आणि त्यासाठी पुनर्संयोजित (जनुक दुसऱ्या पेशींत घालून बनवलेले) मानवी टीजीएफ-बीटा-१ हे पेशींना संकेत देणारे प्रथिन आम्ही गेली तीन वर्षे वापरत आहोत. एकाच उत्पादकाच्या चार लॉटचा (उत्पादन-खेपांचा) अनुभव गाठीशी आहे. प्रथिन उत्तम आहे, परंतु ते विरघळवताना केलेली एक चूक संपूर्ण कुपी वाया घालवू शकते, आणि ही गोष्ट कुपीच्या लेबलवर कुठेही छापलेली नाही.

आम्ही घेतो ते प्रथिन एचईके-२९३ या मानवी पेशींमध्ये तयार केलेले असते, आणि त्यासाठी जास्त पैसे मोजणे मला योग्य वाटते. हे प्रथिन प्रत्येकी ११२ अमिनो आम्लांच्या दोन सारख्या साखळ्यांचे बनलेले आहे. प्रत्येक साखळीत नऊ सिस्टीन (गंधकयुक्त अमिनो आम्ले) असून त्यांपैकी आठ साखळीच्या आतच चार बंध तयार करतात, तर उरलेला एक दोन्ही साखळ्यांना परस्परांशी जोडतो. जिवाणूंमध्ये तयार केलेल्या साखळीला ही गुंतागुंतीची घडी नंतर बाहेर घालावी लागते, आणि ते काम सोपे नाही. सस्तन प्राण्यांच्या पेशी मात्र ३९० अमिनो आम्लांचे पूर्वरूप बनवून त्यातूनच योग्य घडीचे प्रथिन देतात.

कुपी हातात आली की ती रिकामीच आहे असे वाटते. दहा मायक्रोग्रॅम कोरडे प्रथिन डोळ्यांना दिसत नाही, म्हणून झाकण उघडण्याआधी ती सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवून घेणे आवश्यक आहे. त्यानंतरचा टप्पा खरा कसोटीचा आहे. हे प्रथिन उदासीन द्रावणात नीट राहत नाही आणि प्लॅस्टिकच्या भिंतींना चटकन चिकटते. त्यामुळे ते ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, प्रति मिलिलिटर किमान १ मिलिग्रॅम अल्ब्युमिन हे वाहक प्रथिन घालून विरघळवायचे असते. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका विद्यार्थिनीने, इतर सायटोकाइन्सप्रमाणेच (संकेतवाहक प्रथिनांप्रमाणेच), ते सरळ पीबीएस या उदासीन क्षारद्रावणात विरघळवले आणि पुढचे दोन आठवडे पेशींनी कोणताही प्रतिसाद दिला नाही. आम्ही लॉटला दोष देत राहिलो. दोष लॉटचा नव्हता. त्याच लॉटची दुसरी कुपी आम्लात विरघळवताच प्रतिसाद मिळाला. ही सूचना माहितीपत्रकात आहे, परंतु बारीक अक्षरांत आणि शेवटी. ती लेबलवरच ठळकपणे छापली जावी, अशी माझी उत्पादकाकडे आग्रहाची मागणी आहे.

प्रत्येक नवा लॉट आम्ही ए-५४९ या मानवी फुप्फुसाच्या कर्करोग-पेशींवर तपासतो. प्रति मिलिलिटर ५ नॅनोग्रॅम दिल्यावर एका तासात स्मॅड-२ या पेशीतील संकेतवाहक प्रथिनाचे फॉस्फोरिलेशन (त्याला फॉस्फेट जोडले जाणे) स्पष्ट दिसते, आणि दोन-तीन दिवसांत फरशीसारख्या एकमेकींना बिलगून असलेल्या पेशी लांबट होऊन सुट्या होतात, तसेच पेशींना एकमेकींशी जोडणारे ई-कॅडहेरिन घटते. एसबी-४३१५४२ हा टीजीएफ-बीटाच्या ग्राहीचा (पेशीवर त्याचा संकेत घेणाऱ्या रेणूचा) अवरोधक सोबत दिल्यास हे बदल थांबतात. हे नियंत्रण असल्याशिवाय निकालावर विश्वास ठेवू नये. पेशीसंवर्धनात वापरल्या जाणाऱ्या सीरममध्ये (रक्तद्रवात) सुप्त स्वरूपातील टीजीएफ-बीटा मुळातच असते, म्हणून प्रयोगाआधी सीरम कमी करणेही तितकेच महत्त्वाचे आहे. चारही लॉट या तपासणीत समाधानकारक ठरले. उंदराचे परिपक्व प्रथिन मानवी प्रथिनापेक्षा केवळ एका अमिनो आम्लाने वेगळे आहे, त्यामुळे उंदराच्या फायब्रोब्लास्टवरही (तंतू बनवणाऱ्या पेशींवरही) आम्ही हेच वापरतो आणि दुसरी कुपी मागवण्याचा खर्च वाचतो.

शुद्धता जेलवर (प्रथिने वजनानुसार वेगळी करणाऱ्या थरावर) पाहायची असेल तर वाहक प्रथिनाविना मिळणारा प्रकार मागवावा. अल्ब्युमिनसह येणाऱ्या कुपीत ६६ किलोडाल्टनच्या आसपासचा पट्टा एवढा ठळक उमटतो की त्यापुढे आपले प्रथिन झाकोळून जाते. वाहकाविना आणलेल्या कुपीत अक्षपित स्थितीत (साखळ्यांमधला बंध शाबूत असताना) २५ किलोडाल्टनचा आणि बंध तोडल्यावर त्याच्या निम्म्या वजनाचा पट्टा स्वच्छ दिसला. मात्र रोजच्या पेशीसंवर्धनासाठी वाहकासह असलेलाच प्रकार घ्यावा, कारण इतक्या कमी मात्रेत वाहकाविना भिंतींना चिकटून होणारी प्रथिनाची घट परवडणारी नाही.

एका खेपेला स्थानिक वितरकाकडे पार्सल सुटीच्या दिवसांत पडून राहिले आणि ते आमच्याकडे आले तेव्हा जेल-पॅक पूर्ण वितळलेले होते. वितरकाने साधा दूरध्वनीही केला नव्हता, याचे मला आजही वाईट वाटते. कोरड्या स्वरूपातील प्रथिनाने मात्र तो प्रवास सोसला आणि तपासणीत काहीच उणे आढळले नाही. विरघळवल्यानंतर इतकी सहनशक्ती उरत नाही. म्हणून द्रावणाचे एका प्रयोगापुरते छोटे भाग करून ते कमी चिकटणाऱ्या नळ्यांत उणे ८० अंशांवर ठेवावेत आणि एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नये. पीएच.डी.च्या दीर्घ प्रयोगमालिकेसाठी खरेदी करणाऱ्यांनी लागणाऱ्या सर्व कुप्या एकाच लॉटच्या मागवाव्यात आणि लॉट क्रमांक मागणीपत्रावरच लिहावा.