दोन वशिंडांचा उंट

बाइक-टूरच्या ज्या जाहिरातीनं आम्हाला फसवलं, तीच आमच्याच तालुक्यातल्या आणखी एका पोरांच्या ग्रुपला आल्याचं परवा कळलं, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

आम्ही पाच जण, दर्यापूर तालुक्यातले. खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं. जमीन तव्यासारखी सपाट. हवा स्वच्छ असली की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते, तेवढाच आमचा डोंगर. चिखलदऱ्याला दर पावसाळ्यात गाड्या काढतो, कणीस खातो, भिजतो, परत येतो. वाळवंट मात्र पाचांपैकी एकानंही पाहिलेलं नव्हतं. डिसेंबरात कापसाचे दोन वेचे विकून हातात चार पैसे होते आणि नेमकी तेव्हाच मोबाइलवर ती रील आली. ‘डोंगर ते वाळवंट, वीकेंड बाइक राइड! अरवली आणि थार! बाइक, पेट्रोल, तंबू, जेवण सगळं धरून माणशी 7,999.’ मागे वाळूच्या टेकड्या, पुढे दोन बुलेट, शेजारी रुबाबात बसलेला उंट.

“उंट पाय ना बे, उंट!” एवढ्यावर आमचा बेत ठरला.

वेळापत्रक असं होतं: शुक्रवारी रात्री अहमदाबादेत गाडी ताब्यात. शनिवारी उदयपूर, कुंभलगड, रणकपूर करून जोधपुरात मुक्काम. रविवारी जैसलमेर, पुढे सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर सूर्यास्त, रात्री तंबू. सोमवारी सकाळी अहमदाबादेत गाड्या परत.

आता नकाशा उघडा. अहमदाबाद ते उदयपूर अडीचशे किलोमीटरच्या वर. तिथून जोधपूर तेवढंच, आणि मधे कुंभलगडाचा घाट. त्या किल्ल्याची तटबंदीच 36 किलोमीटरची सांगतात, तो काय चहा पिता पिता होतो? जोधपूर ते जैसलमेर पावणेतीनशेच्या पुढे, सम आणखी चाळीस. परतीचे पाचशेच्या वर ते वेगळेच. आणि रविवारी रात्री समच्या तंबूत झोपलेला माणूस सोमवारी सकाळी अहमदाबादेत उठतो कसा? एवढं एक वाक्य आमच्यापैकी कुणी मोठ्यानं वाचलं असतं तरी पुरे होतं. खेडा खरेदीवाल्याच्या काट्यात किलोभर फरक निघाला तर गाडी अडवून धरणारे आम्ही! पण तो कापूस होता, कष्टाचा. ही मौज होती, आणि मौजेचं वजन कुणी करून घेत नाही.

फोनवरचा माणूस गोड. वाक्यागणिक दादा. “दादा, मीपण अकोल्याचाच.” मी विचारलं, “अकोल्यात कुठी?” म्हणे, “स्टेशनजवळ.” आता सांगा, स्टेशनजवळ कोण राहत नाही? पण आपल्याकडचा माणूस म्हटल्यावर मी तिथेच अर्धा विरघळलो. मग सुरू झालं, दादा पाचच सीटा राहिल्या, दादा संध्याकाळनंतर रेट वाढतो.

माणशी चार हजार अ‍ॅडव्हान्स, म्हणजे वीस हजार, माझ्याच फोनवरून गेले. पाठवताना स्क्रीनवर टूर कंपनीचं नाव नव्हतं, कुणा बाईचं होतं. विचारलं तर म्हणाला, “कंपनीच्या खात्याचं आजचं लिमिट संपलं, वहिनीचं खातं आहे.” पिन टाकायच्या आधी ते नाव दाखवतात ते यासाठीच. मी ते वाचलं, खटकलं, आणि पिन टाकला. दोन दिवसांनी गाड्यांचं डिपॉझिट म्हणून माणशी दोन हजार आणखी. सोबत पाचही जणांचे आधार आणि लायसनचे दोन्ही बाजूंचे फोटो. त्या फोटोंची धास्ती मला पैशांपेक्षा जास्त वाटते. कुठे द्यायचीच वेळ आली तर मास्क्ड आधार द्या, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. आम्ही आता सरकारच्या संचार साथी पोर्टलवर अधूनमधून बघतो, आपल्या नावावर परकं सिमकार्ड निघालंय का.

बिंग फोडलं सातवीतल्या पुतण्यानं. रील पाहून म्हणाला, “काका, हा उंट राजस्थानचा नाई. याले दोन वशिंडं हायेत. हा लडाखचा.” पुस्तकातलं चित्रच आणून दाखवलं. दोन वशिंडांचे उंट नुब्रा खोऱ्यात, हुंदरच्या वाळूत असतात, थारमधल्याला एकच. मग आम्ही फोटो मोठा करून पाहिला. टेकड्यांच्या मागे चक्क बर्फाचा डोंगर! बुलेटच्या पाटीवर सुरुवातीला ‘एलए’, म्हणजे लडाखची पासिंग. शिवाय पाटी पांढरी. भाड्यानं चालवायला देतात त्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असायला पाहिजे. पांढऱ्या पाटीची गाडी म्हणजे कुणाची तरी घरची.

इथेच थांबलो असतो तर तीस हजारांवर भागलं असतं. मी त्याला फोन लावला. चिडला नाही, उलट हसला. “दादा, पोरांनी चुकून लडाखच्या ट्रिपचा फोटो टाकला. विश्वास नसेल तर आत्ता पैसे परत घ्या.” चोर असं बोलतो का? मला उलट आपण संशय घेतल्याची शरम वाटली. त्यानं क्यूआर पाठवला. दहा-दहा हजार तीन वेळा येतील, स्कॅन करून पिन टाका म्हणाला. टाकला. ‘टिंग’ वाजलं. मेसेजमध्ये जमा नव्हतं, नावे होतं. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. हे मला माहीत होतं. गावातल्या दोन म्हाताऱ्यांना मीच शिकवलंय.

“आता दुसरा स्कॅन करा दादा, पहिला प्रोसेसमध्ये आहे.” तो अजून बोलतच होता. माझे हात गार पडले होते. मित्रानं फोन हिसकावला आणि 1930 लावला, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर. जे काय थोडंफार वाचलं ते त्याच्यामुळे. शेवटचे दहा हजार जाऊन पंधरा मिनिटं झाली नव्हती, तेवढे पुढच्या खात्यात होल्ड झाल्याचं कळलं. हातात अजून आलेले नाहीत. आधीचे तीस हजार केव्हाच दुसरीकडे पोचले होते. ऑनलाइन तक्रारीसाठी व्यवहाराचा क्रमांक लागतो, म्हणून चॅट आणि मेसेज रागारागात उडवू नका. आमच्यातल्या एकानं सगळं चॅट तावातावानं डिलीट केलं आणि मग ठाण्यात दिवसभर खोळंबा झाला.

घरी बायकोला आठ दिवस सांगितलं नव्हतं. तिला पुतण्याकडून आधीच कळलेलं होतं.

ठरलेल्या शनिवारी आम्ही आपापल्या शाईन-प्लॅटिना काढून परतवाड्यावरून चिखलदऱ्याला गेलो. थंडी मरणाची. कुणी फारसं बोललं नाही.

मार्चमध्ये हरभरा निघाल्यावर नेहमीसारखे काठेवाडी आले. दरवर्षी येतात. मेंढ्या रातभर वावरात बसवायच्या, लेंड्यांचं खत मिळतं. सोबत बाया-पोरं, कुत्री आणि बिऱ्हाड लादलेले उंट. लहानपणापासून हे उंट मी धुऱ्यावर बसून पाहत आलोय. बैल घेताना वशिंडावरून हात फिरवल्याशिवाय मी दाम बोलत नाही. बांधाशी एक उंट बसला होता, पाठीवर खाट आणि गोधड्यांचा ढीग. काठेवाडी म्हाताऱ्यानं ओझं उतरवलं, आणि मी तिथेच उभा राहून मोजलं. एक.

“काय पायते गा?” माझ्या सालदारानं विचारलं.

“काई नाई,” म्हटलं.