मायक्रोटिक हेक्स: ओएसपीएफला की लावली, जीव भांड्यात पडला

दोन टॉवरवर मायक्रोटिकचे हेक्स राउटर बसवलेत, मधे वायरलेस लिंक, त्यावर ओएसपीएफ (राउटर एकमेकांना रूट, म्हणजे डेटाचे मार्ग, आपोआप कळवतात तो प्रोटोकॉल), आणि इतकी वर्षं ऑथेंटिकेशन (गुप्त की वापरून पाठवणाऱ्याची ओळख पटवणं) लावलंच नव्हतं, म्हणजे कुणी मधे आपला डबा जोडून खोटे रूट घुसवले असते तरी आमच्या राउटरने निमूट मानले असते. राउटरओएस (मायक्रोटिकची ऑपरेटिंग सिस्टिम) ६ मध्ये साधा पासवर्ड नाहीतर एमडी५ हा जुना, कमकुवत हॅश एवढंच मिळायचं, ७ मध्ये एसएचए-५१२ पर्यंतच्या जास्त मजबूत हॅशची सोय आहे, म्हणून अपग्रेड केलं आणि एसएचए-२५६ घेतलं. ओएसपीएफच्या इंटरफेस टेम्प्लेटमध्ये (पोर्टच्या सेटिंगमध्ये) प्रकार, की (गुप्त शब्द), की-आयडी (कीचा नंबर) भरायचं, झालं. फक्त तिन्ही दोन्हीकडे सेम टू सेम पाहिजेत हां, एकाच बाजूला बदललं की डीफॉल्ट ४० सेकंदांत शेजारी डाऊन, म्हणजे दोन राउटरचा ओएसपीएफ संपर्क तुटतो! त्यामुळे आधी लांबच्या टॉवरवर बदला, लगेच जवळच्या, नाहीतर लॅपटॉप घेऊन टॉवर गाठावा लागतो. आणि याने रूट लपत नाहीत, एनक्रिप्शन नाहीये हे, पाठवणारा आपलाच आहे एवढीच खात्री मिळते. हेक्सचे पाचही पोर्ट गिगाबिट आहेत, छोट्या नेटवर्कला पैसे वसूल. ग्राहकांकडे जाणारे पोर्ट मात्र पॅसिव्ह करायला (तिथे ओएसपीएफचं बोलणं बंद ठेवायला) विसरू नका.