एकशेवीस बाटचा पापड

पापड आम्ही मागितला नव्हता, हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं रामायण त्या पापडापासून सुरू झालं.

जानेवारी २०२५. भारतीयांना थायलंडला तेव्हा व्हिसाची कटकट नव्हती, मुंबईहून तिकिटंही बरी मिळाली, म्हणून या वेळी सासूसासऱ्यांनाही बँकॉकला नेलं. मी, नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि ते दोघं. उतरलो प्रतुनामला. हा घाऊक कपड्यांचा बाजार. बायोक टॉवरच्या पायथ्याशी गल्ल्याच गल्ल्या, त्यांत खरेदीला आलेली आपल्याकडची माणसं, आणि त्या माणसांसाठी दर वीस पावलांवर एक ‘इंडियन’ हॉटेल.

सासूबाईंचे तिथे खाण्याचे फार हाल झाले. थाई जेवणात नुसती भाजी मागितली तरी तिच्यात नाम प्ला, म्हणजे माशाचं खारट पाणी, नाहीतर कालवांचा सॉस. वासानंच त्या उठून जायच्या. नाशिकहून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवसांत संपली. मग सेव्हन-इलेव्हनमधली केळी. तिथे एकेक केळं वेगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून विकतात, त्याचं त्यांना भारी नवल. चौथ्या दिवशी संध्याकाळी मात्र म्हणाल्या, “मला बाई काही नको, नुसता वरणभात मिळाला तरी पुरे.”

आणि अर्ध्या तासात वरणभात म्हणणारा माणूस भेटला. गल्लीच्या तोंडाशी मेनूकार्ड छातीशी धरून उभा होता. आमचं बोलणं कानावर पडलं असणार. “या या काकू, महाराष्ट्रातून का? मी अंधेरीला होतो सहा वर्षं. वरणभात, पोळी, सगळं भेटेल.” मराठी मोडकी, पण ‘काकू’ बरोबर. सासूबाईंचा चेहरा असा उजळला की आमचा विषय तिथेच संपला. बाहेरच्या फळ्यावर लिहिलं होतं: व्हेज थाळी १९९ बाट. बाट तेव्हा साधारण अडीच रुपयांना होता, म्हणजे पाचशेच्या आत. ठीक.

आत बसल्यावर कळलं, थाळी दुपारी तीनपर्यंतच. “पण काकूंसाठी मी ताजं बनवून देतो ना. दोन दाल, दोन भाजी, एक पनीर, जिरा राईस, गरम रोटी. फॅमिलीच्या हिशोबाने लावतो.” छातीशी धरलेलं ते मेनूकार्ड टेबलावर आलंच नाही. दोन मिनिटांत पाच मसाला पापड आले, कांदा-काकडीच्या दोन ताटल्या आल्या, आणि पोऱ्यानं पाण्याच्या पाच बाटल्या आणून पाचही झाकणं आमच्यासमोर कटाकट फोडली. झाकण फुटलं की बाटली परत करता येत नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

तुम्ही म्हणाल, चांगली शिकलेली माणसं, भाव न विचारता ऑर्डर कशी दिली? विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण समोर सासूबाई, चार दिवसांच्या उपाशी, आणि त्यांच्यासमोर मी वरणभाताची किंमत विचारायची? ‘सुनेला आमच्या भाताचे पैसे जड झाले’ असं वाटलं तर? त्या तसं म्हणणाऱ्या नाहीत, पण म्हातारी माणसं सोबत असली की आपणच उगाच दिलदार होतो. त्या माणसाला हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. म्हणून तर त्यानं ताईला, दादाला सोडून थेट काकूंना हाक मारली.

जेवण वाईट नव्हतं, हेही सांगायला हवं. वरण म्हणजे दाल तडकाच होता, लसूण भरपूर. सासूबाई दोनदा भात घेऊन जेवल्या.

मग बिल आलं. छापील नाही, कार्बन घातलेल्या पॅडवर हातानं लिहिलेलं. दाल दोन, ६४०. भाजी दोन, ७२०. पनीर ४२०. जिरा राईस दोन, ४८०. रोट्या अकरा, दर ७० ने ७७०. आमच्या चिरंजीवांच्या मोजणीप्रमाणे नऊ. सॅलड ३६०. दही ११०. पाणी ४००, तीच एक बाटली समोरच्या दुकानात दहा-पंधरा बाटला मिळत होती. आणि मसाला पापड पाच, दर १२० ने ६००. बेरीज ४,५००. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज ४५०. त्या दोन्हींच्या बेरजेवर सात टक्के व्हॅट, ३४६.५०. एकूण ५,२९६ बाट ५० सतांग. म्हणजे सव्वातेरा हजार रुपये, पाच माणसांच्या डाळभाताचे.

सर्व्हिस चार्ज आणि व्हॅट ही स्वतंत्र फसवणूक नव्हे. बँकॉकमधल्या मोठ्या हॉटेलांत मेनूवर भावापुढे अधिकची दोन बारीक चिन्हं असतात, त्यांचा अर्थ हाच. शंभरची वस्तू तुम्हाला ११७.७० ला पडते. पण ते मेनूवर आधी लिहिलेलं असतं. आणि व्हॅट लावायचा तर दुकान नोंदलेलं हवं, बिलावर तेरा आकडी कर क्रमांक हवा. आमच्या कागदावर हॉटेलचं धड नावही नव्हतं. ही खूण आम्हाला नंतर लॉजवरच्या रिसेप्शनच्या मुलीनं दाखवली.

नवऱ्यानं वाद घातला. गंमत अशी की वाद जसा चढला तशी त्या माणसाची भाषा उतरत गेली. आधी मराठी गेली. “भाईसाब, सब फ्रेश बनाया है” अशी हिंदी दोन मिनिटं टिकली. मग तीही गेली आणि उरलं फक्त “सर, धिस इज बँकॉक.” मागच्या टेबलावर दोघं येऊन बसले, नुसते बसले. अण्णा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, “देऊन टाक रे, परक्या मुलखात तमाशा नको.” आणि सासूबाई खाली मान घालून वाटीतलं उरलेलं दही चमच्यानं गोळा करत होत्या, एकशेदहा बाटचं. त्यांना वाटत होतं, हे सगळं त्यांच्यामुळे झालं. पैशांपेक्षा मला त्याचा राग जास्त आला.

आमच्याकडे रोख तेवढी नव्हती. मी माझं क्रेडिट कार्ड दिलं आणि तिथे दुसऱ्यांदा फसलो. परदेशात कार्ड लावलं की मशीन विचारतं, पैसे इथल्या चलनात घेऊ की तुमच्या रुपयांत? नेहमी तिथलंच चलन निवडायचं. रुपये निवडले की बाटचा भाव मशीनवाले ठरवतात. पोऱ्यानं मशीन माझ्याकडे वळवलंच नाही. स्वतःच बटण दाबलं, पावती पुढे सरकवली, मी रागारागात सही ठोकली. मोबाइलवर मेसेज आला १४,१९४ रुपये ६२ पैशांचा. बाट पडला २.६८ ला. वरचे साडेनऊशे असे गेले.

रिसेप्शनची मुलगी म्हणाली, टुरिस्ट पोलिसांना ११५५ लावा, इंग्रजीत बोलतात. भाव न दाखवता विकल्याची तक्रार १५६९ वर करता येते. अण्णांनी सकाळी साफ नाही म्हटलं. आम्ही लावला नाही. तुमच्यावर वेळ आली तर टेबलावरूनच लावा, बिल देण्याआधी.

उरलेले दोन दिवस मात्र सासूबाईंचं छान भागलं. पाहुरत या भारतीय वस्तीत गेलो, तिथल्या सोनेरी घुमटाच्या गुरुद्वारात सकाळी लंगरमध्ये डाळरोटी मिळाली. आणि रस्त्यावर पिवळ्या पट्टीवर लाल थाई अक्षरात ‘जे’, म्हणजे शुद्ध शाकाहारी, असं लिहिलेल्या गाड्या असतात, त्यांच्याकडे मासळीचा सॉस नाहीच, वर कांदा-लसूणही नाही. साठ बाटला टोफूची नूडल्स. सासूबाईंनी ती हातानं खाल्ली, मुलाला हसू आवरेना.

नाशिकला आल्यावर मी बँकेत तक्रार केली, की मला न विचारता रुपयांत वसुली झाली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, सोबत पावतीची प्रत. खाली मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत छापलं होतं की ग्राहकाला चलन निवडण्याची संधी दिली होती आणि त्यानं रुपये निवडले. त्याखाली माझी सही. ठसठशीत, दोन टिंबांसकट.