श्वासाचं डंबेल, आठ महिन्यांनंतर: यंत्र पास, चिमटा नापास

काल सकाळी नाकाचा चिमटा पुन्हा तुटला. यंत्राबरोबर आलेला तिसऱ्याच महिन्यात गेला होता, हा दुसरा. कधीचं लिहीन लिहीन म्हणत होते, आता लिहूनच टाकते.

हे यंत्र श्वास आत ओढणाऱ्या स्नायूंच्या व्यायामाचं: नाकाला चिमटा लावून ते तोंडात धरायचं आणि झडपेच्या अडथळ्याविरुद्ध श्वास ओढायचा; नॉब जितका कसाल तितका जोर जास्त. माझं साधं, स्प्रिंगच्या झडपेचं, हाताने नॉब फिरवायचं. 2,850 रुपये. मोबाइलला जोडायचं महागडं मिळतं, पण श्वास घ्यायला ब्लूटूथ कशाला हवं?

वय 52, शाळेत शिक्षिका, वर्ग तिसऱ्या मजल्यावर. साताऱ्यात राहते, त्यामुळे रविवारी अजिंक्यतारा ठरलेला. दोन वर्षांपासून चढताना इतकी धाप लागायची की बरोबरच्या मैत्रिणींना 'हं, हं' एवढंच उत्तर द्यायचे. डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 9.8! लोहाच्या गोळ्यांनी ते 12 वर आलं आणि निम्मी धाप तिथेच गेली. तेव्हा बायांनो, आधी रक्त तपासा, यंत्राचं नंतर बघा. उरलेल्या निम्म्यासाठी फिजिओथेरपिस्ट ताईंनी हे सुचवलं.

सकाळी 30 श्वास, संध्याकाळी 30. आत जोरात ओढायचा, बाहेर सावकाश सोडायचा. नॉब इतपतच कसायचा की तिसावा श्वास जेमतेम निघाला पाहिजे. मी तिसऱ्याच दिवशी हुशारी करून 2 वरून 5 वर नेला. मान, खांदे असे भरून आले की फळ्यावर लिहिताना हात वर जाईना. ताई म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही श्वास मानेने ओढताय, पोटाने नाही." पोटावर हात ठेवून, हात पुढे येतोय का बघत, पुन्हा 2 पासून सुरुवात. भराभर ओढलं की गरगरतं, म्हणून दोन श्वासांमध्ये थांबायचं. आणि लाळ गळते. हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नाही. मांडीवर नॅपकिन घेऊनच बसा.

आता चिमटा. नाक बंद नसेल तर हवा नाकातून शिरते आणि झडपेवर जोर येतच नाही, म्हणजे सगळी मेहनत फुकट. ज्यावर एवढं अवलंबून आहे तो चिमटा कंपनीने मुलींच्या केसांना लावायच्या क्लिपपेक्षाही हलका दिलाय. आतली स्पंजची गादी पंधरा दिवसांत सुटली, ती फेविक्विकने चिकटवली. तिसऱ्या महिन्यात बिजागरीच तुटली. फोन केला तर म्हणे, "मॅडम, ॲक्सेसरी वॉरंटीत येत नाही." बरं, विकत द्या. "सुटा मिळत नाही, किट घ्यावं लागेल." किट म्हणजे चिमटा, माउथपीस आणि एक पिशवी: 599 रुपये, कुरिअरचे 80 वेगळे. मी म्हटलं, मला पिशवी नकोय. पलीकडची मुलगी बिचारी पाठ केलेलंच पुन्हा म्हणाली. एकूण चार फोन, तीन मेल.

मी 679 रुपये देणार नव्हते. मग दोरीवरचा कपड्यांचा चिमटा. दोन दिवस लावला, नाकावर दोन्ही बाजूंना लाल वळ उठले. चौथीतल्या एका पोराने भर वर्गात विचारलं, "बाई, नाकाला काय झालं?" शेवटी भाच्याने पोहण्याच्या सामानाच्या दुकानातून वायरचा, रबराच्या गोळ्यांचा चिमटा आणला. 50 रुपये! कंपनीच्यापेक्षा शंभर पटीने चांगला. काल तुटला तो हाच, पण पाच महिने टिकला. आज दोन आणायला सांगितलेत.

असो. गुण येतो का? पाचव्या आठवड्यात मी डायरीत 'पैसे पाण्यात' असं लिहिलं होतं. हा शेरा आता मागे घेते, पण पूर्ण नाही.

किल्ल्याच्या रस्त्यावर एक वळण आहे, तिथे मी दर रविवारी बुटाची नाडी बांधायचं नाटक करायचे. सातव्या आठवड्यात ते वळण मागे पडलं आणि मला कळलंच नाही. सुनेबद्दलची एक लांबलचक गोष्ट सांगत होते, दरवाजातल्या मारुतीपाशी पोचले तेव्हा ती अजून संपायची होती. घड्याळात पाहिलं: आधी 34 मिनिटं लागायची, त्या दिवशी 33. म्हणजे वेग तोच, फक्त छातीतली घाई गेली.

खोक्यावर मात्र 'फुप्फुसांची क्षमता वाढवा' असं छापलंय. माझी फुंकर मारायची तपासणी आधीही झाली, नंतरही. आकडे होते तिथेच. फुप्फुस मोठं होत नाही. तगडे होतात ते त्याला ओढणारे स्नायू, म्हणजे डायफ्राम आणि बरगड्यांमधले. ताईंनी सांगितलं की जोराच्या व्यायामात शरीराच्या एकूण ऑक्सिजनपैकी 10 ते 15 टक्के हे स्नायूच खातात. ते थकले की शरीर पायांकडचं रक्त आवळून घेतं, म्हणून श्वासाबरोबर पायही जड होतात. हे मला पटलं. खोटं छापायची गरजच काय होती?

नणंदबाई म्हणतात, भस्त्रिका कर, फुकट आहे. करते, झोपही चांगली लागते. पण त्यात स्नायूंवर वजन पडत नाही. पायऱ्या चढणं वेगळं आणि पाण्याची घागर घेऊन चढणं वेगळं. ऑपरेशननंतर दवाखान्यात देतात ते तीन चेंडूंचं यंत्रही हे नव्हे. त्यात चेंडू वर ठेवत सावकाश खोल श्वास घ्यायचा असतो, आणि सावकाश ओढलं तर जोर पडत नाही. आमच्या कपाटात सासऱ्यांचं होतं, म्हणून आधी त्यावरच महिनाभर भागवून पाहिलं. काही फरक नाही.

पावसाळ्यात सर्दी झाली तरी हट्टाने ओढलं, कान असा दडपला की दिवसभर मुलांचं निम्मं ऐकू आलं नाही. सर्दीत वापरू नका. कानाचा पडदा फाटलेला असेल किंवा पूर्वी फुप्फुसाबाहेर हवा साठली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातच लावू नका. त्या सर्दीनंतर आळसाने सहा आठवडे गेले आणि नॉब 6 वरून साडेचारवर आला. आता पुन्हा 6 वर आहे, आणि तिथे टिकून राहायला आठवड्यातून तीन दिवस पुरतात.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा खोक्यावरच्या दाव्यासाठी कापला, एक अख्खा चिमट्यासाठी. मैत्रीण म्हणते एवढ्याशा चिमट्याला अख्खा तारा जास्त होतो. तिच्या नाकावर वळ उठले नव्हते.