कूलंट टेम्परेचर गेज: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेज चांगलं आहे. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं बरंचसं लिखाण तक्रारीसारखं वाटेल आणि त्यातला जवळजवळ एकही दोष गेजचा नाही. गाडीचं इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, म्हणजे कूलंटचं, तापमान दाखवणारं ५२ मिलिमीटरचं, काट्याचं, साधं इलेक्ट्रिक गेज. एका वायरचा सेन्सर, मागे चार टोकं: इग्निशन, अर्थ (करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारी जोडणी), सेन्सर आणि लाइट. आठ महिने रोज वापरतोय. त्यातले पहिले दोन महिने मी चुकीच्या वस्तूवर संशय घेण्यात घालवले, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

बसवायचं कारण सरळ होतं. डॅशबोर्डवरचा कंपनीचा काटा इंजिन गरम झालं की मध्यावर येतो आणि तिथेच बसून राहतो. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. ८०च्या आसपासपासून थेट शंभरीपर्यंत काटा जागचा हलत नाही, आणि हलतो तेव्हा वेळ निघून चाललेली असते. माझ्या गाडीचं कूलंट एकदा बारीक गळतीतून हळूहळू कमी होत गेलं होतं आणि त्या काट्याने शेवटच्या काही मिनिटांपर्यंत काहीच सांगितलं नव्हतं. तेव्हाच ठरवलं की आकडे दाखवणारा काटा हवा.

इंजिनमध्ये सेन्सरसाठी मोकळी जागा नव्हती. म्हणून वरचा रेडिएटर होज (कूलंटची रबरी नळी) कापून त्यात अॅल्युमिनियमचा अॅडॅप्टर बसवला आणि सेन्सर त्यात घट्ट केला. (हे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करायचं. गरम इंजिनवर रेडिएटरची कॅप उघडू नका, कितीही घाई असली तरी.) बॅटरीची निगेटिव्ह काढून वायरिंग केलं, कूलंट भरलं, हवा काढली, गाडी सुरू केली. वीस मिनिटं झाली, पंखा फिरून थांबला, तरी गेजचा काटा तळालाच.

मी गेज बदलून घ्यायला निघालो होतो. त्याआधी एक साधी तपासणी केली आणि ती मला आजही सगळ्यात उपयोगी वाटते. सेन्सरवरची वायर काढून हवेत मोकळी धरली: काटा थंड बाजूला. तीच वायर इंजिनच्या उघड्या धातूला टेकवली: काटा पूर्ण गरम बाजूला. म्हणजे गेज ठीक, त्याचा सप्लाय ठीक आणि सेन्सरपर्यंतची वायरही ठीक. उरला सेन्सर आणि त्याचा अर्थ. दोन मिनिटांत निम्मं सर्किट संशयातून बाहेर पडलं. ही तपासणी फक्त एका वायरच्या, रेझिस्टन्सवर (करंटला होणाऱ्या अडथळ्यावर) चालणाऱ्या सेन्सरसाठी आहे. ५ व्होल्टवर चालणाऱ्या तीन वायरच्या सेन्सरवर हा प्रयोग करू नका.

एका वायरच्या सेन्सरची दुसरी वायर म्हणजे त्याची स्वतःची बॉडी. ती ज्या धातूत बसते त्यातून करंट इंजिनमध्ये आणि तिथून बॅटरीच्या निगेटिव्हला जातो. माझा सेन्सर ज्या अॅडॅप्टरमध्ये होता त्याच्या दोन्ही बाजूंना रबरी होज! धातूचा तो तुकडा विजेच्या दृष्टीने हवेत लटकलेला होता. अॅडॅप्टरला एक छोटा स्क्रू होता, तो कशासाठी आहे हे मला कळलं नव्हतं. त्याला रिंग टर्मिनल लावून एक वायर इंजिन ब्लॉकच्या बोल्टपर्यंत नेली आणि काटा चढू लागला. होजमध्ये सेन्सर बसवणाऱ्याने ही वायर पहिल्याच दिवशी ओढावी.

तेव्हाच मी सेन्सर काढून गरम पाण्यात, थर्मामीटर सोबत ठेवून मोजायला हवा होता. तो मी नंतर मोजला. ६० अंशांना साधारण १३० ओहम, ९० अंशांना ५० आणि उकळत्या पाण्यात ४०च्या जवळ. तापमान वाढतं तसा रेझिस्टन्स उतरतो. म्हणजे गेज तापमान बघतच नाही, ते रेझिस्टन्स बघतं. ९० ते १०० अंशांच्या टप्प्यात सव्वा ओहमच्या आसपास फरक पडला की काटा एक अंश सरकतो. गंजलेल्या अर्थमध्ये पाच ओहम जादा आले तर गेज चार अंश कमी दाखवणार. कमी दाखवणारं गेज जास्त दाखवणाऱ्यापेक्षा धोक्याचं, कारण त्याच्यावर कुणी शंका घेत नाही.

तीन आठवडे सगळं सुरळीत. मग एका संध्याकाळी हेडलाइट लावले आणि काटा ९०वरून थेट १०४वर गेला. मी गाडी बाजूला घेतली. बोनेट उघडलं तर होज नेहमीसारखे, गळती नाही, वाफ नाही. हेडलाइट बंद केले, काटा ९०वर. पुन्हा लावले, पुन्हा १०४. कूलंट एका सेकंदात चौदा अंश तापत नाही आणि निवतही नाही. तो विजेचाच खेळ होता. पण नेमका कुठे, हे शोधायला मला दोन शनिवार लागले, कारण मी मल्टीमीटर (व्होल्ट, ओहम मोजायचं यंत्र) चुकीच्या पद्धतीने वापरत होतो.

गेजचा अर्थ मी स्टिरिओमागच्या धातूच्या पट्टीच्या स्क्रूला दिला होता. ओहमवर तपासलं तर ०.२, म्हणजे उत्तम. जोडणी सलग असल्याची, म्हणजे कंटिन्युइटीची, बीपही वाजायची. अडचण अशी की मल्टीमीटर ओहम मोजताना अगदी बारीक करंट सोडतो. वायरीतला एकच धागा शिल्लक असला, स्क्रूखाली रंगाचा थर असला, तरी तेवढा करंट आरामात जातो. खरी परीक्षा लोडवर, म्हणजे जोडणीतून मोठा करंट वाहत असताना, होते. इंजिन चालू ठेवून मल्टीमीटर डीसी व्होल्टवर घेतला. एक प्रोब गेजच्या अर्थ टोकाला, दुसरा थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. सगळं बंद असताना ०.०३ व्होल्ट. हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर ०.३८. त्या पट्टीवर डॅशबोर्डमधल्या इतर वस्तूंचे अर्थही येत होते. त्यांचा करंट त्याच कमजोर सांध्यातून परतताना गेजचा शून्यच, म्हणजे ज्या पातळीपासून ते मोजतं ती, वर उचलला जात होता. सेन्सर मात्र इंजिन ब्लॉकला जोडलेला. दोघांचे शून्य वेगळे झाल्यावर काटा खरं कसं सांगेल?

गेजच्या अर्थसाठी १.५ चौरस मिलिमीटरची वेगळी वायर इंजिन ब्लॉकच्या त्याच बोल्टपर्यंत नेली, जिथे अॅडॅप्टरचा अर्थ होता. बोल्टखालचा भाग सँडपेपरने चकचकीत केला, जोडल्यावर वरून ग्रीस लावलं. आता सगळं चालू असताना ०.०२ व्होल्ट. हेडलाइट लावल्यावर काटा स्वतःच्या जाडीएवढाही हलत नाही. या जोडणीत ०.१ व्होल्टच्या वर काही दिसलं तर मी तिथे थांबून आधी तेच दुरुस्त करेन.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. इग्निशनची वायर आधी अॅक्सेसरीच्या फ्यूजवरून घेतली होती. स्टार्टर मारताना तिथला सप्लाय तुटतो, त्यामुळे दर वेळी काटा एक झोका खायचा. क्रँकिंगमध्येही चालू राहणारा फ्यूज शोधला, फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेतून जादा वायर काढायचा जोड) लावून ३ अँपिअरचा फ्यूज घातला, प्रश्न मिटला. लाइटची वायर डिमरच्या सर्किटवर दिली तर एलईडी लुकलुकत होता. ती पार्किंग लाइटवर हलवली. डॅशबोर्ड उघडताना पिवळ्या स्लीव्हच्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या वायरींना हात लावू नका, त्या एअरबॅगच्या असतात.

पाचव्या महिन्यात मात्र एक वेगळी तक्रार आली. खड्ड्यातून गेल्यावर काटा क्षणभर पूर्ण गरम बाजूला उडायचा आणि परत यायचा. तोपर्यंत काट्याच्या भाषेची सवय झाली होती: पूर्ण गरम म्हणजे सेन्सरची वायर कुठेतरी धातूला टेकतेय. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) वायर नेताना मी भोकाच्या कडेला बसणारा रबरी ग्रोमेट घातला नव्हता. पत्र्याच्या कडेने इन्सुलेशन घासून तांबं उघडं पडलं होतं. नवीन वायर, ग्रोमेट, वरून स्लीव्ह. गेजसोबत मिळालेले चिमटा मारून जोडायचे क्लिप मी तेव्हाच काढून टाकले आणि सगळे सांधे क्रिम्प करून (दाबून आवळून) त्यावर हीटश्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवला. ते क्लिप वायरीचे धागे अर्धवट कापतात आणि ओल आत घेतात. गेजच्या पाकिटात ते देऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता हे गेज काय दाखवतं ते वाचण्यात खरा आनंद आहे. सकाळी काटा सावकाश चढतो, ८५च्या आसपास थर्मोस्टॅट (कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) उघडला की किंचित मागे येतो, मग ८८ ते ९१मध्ये स्थिरावतो. सिग्नलला उभं राहिलं की ९६पर्यंत जातो, पंखा लागतो, काटा उतरतो. लांबच्या चढावर एसी लावून ९८ बघितलाय. कंपनीचा काटा या सगळ्या वेळात मध्यावरच होता. मागच्या महिन्यात सिग्नलला काटा १०१पर्यंत गेला. मी हेडलाइट लावून-बंद करून पाहिले, काटा हलला नाही, म्हणजे आकडा खरा होता. बघितलं तर रेडिएटरच्या पंख्याचा रिले (विजेवर चालणारा स्विच) अडकत होता. रिले बदलला.

एक उणीव आहे. रात्री काचेवर त्याचं प्रतिबिंब पडतं आणि त्याची उजेडपातळी कमी करायची सोय नाही. मी गेज थोडं खाली वळवून बसवलंय.

दर दोन महिन्यांनी इंजिन ब्लॉकवरचा तो बोल्ट हाताने हलवून बघतो आणि व्होल्टचा तोच आकडा पुन्हा मोजतो. काल मोजला तेव्हा ०.०२च होता.