विणकामासाठी रोजचा अर्धा तास की रविवारची दुपार?
ग्वाल्हेरला डिसेंबर-जानेवारीत कडाक्याची थंडी पडते, म्हणून स्वेटर दिवाळीपूर्वीच सुयांवर चढलेला बरा. लष्कर भागातल्या आमच्यासारख्या नोकरदार घरांत त्यासाठी दोनच वेळा सापडतात. रात्री जेवणानंतरचा अर्धा तास साध्या विणीला पुरतो. एक सुलट, एक उलट अशी काठाची पट्टी गप्पा मारतानाही वाढत जाते. मात्र वेणीची नक्षी, मुंढ्याशी टाके घटवणे किंवा गळ्याचे टाके उचलणे यांना सलग दुपारच हवी, कारण मध्येच उठल्यास ओळींचा हिशेब चुकतो आणि काळ्या लोकरीत सुटलेला टाका दिव्याच्या उजेडात सापडता सापडत नाही. तरीही एकच निवडायचे झाल्यास मी रोजचा अर्धा तास निवडीन. आठवडाभर बाजूला राहिलेले विणकाम पुन्हा हाती घेतले की पहिल्या ओळी घट्ट पडतात आणि तो फरक पाठीवर चटकन नजरेत भरतो.